कंत्राट आणि कौल : मोशूद अबिओला यांच्या चरित्राला प्रस्तावना

नायजेरियात १२ जून हा लोकशाही दिन म्हणून पाळला जातो. देशभर सुट्टी असते, राष्ट्राध्यक्षांचे भाषण होते, वर्तमानपत्रांतून लेख येतात. हा दिवस १९९३ सालच्या एका निवडणुकीची आठवण म्हणून ठरवला गेला. त्या निवडणुकीचा संपूर्ण निकाल तेव्हाच्या सरकारने जाहीर होऊच दिला नाही. ती जिंकलेला उमेदवार राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत एक दिवसही बसला नाही, आणि त्या विजयावर हक्क सांगितला म्हणून चार वर्षे कैदेत राहून कैदेतच मरण पावला. त्याचे नाव मोशूद काशिमावो ओलावाले अबिओला. त्याच्या देशात तीन आद्याक्षरांवर, ‘एमकेओ’ एवढ्यावरच, त्याची ओळख पटते.

हुतात्मा म्हटल्यावर जी मूर्ती डोळ्यांपुढे येते, तीत अबिओला काही केल्या बसत नाहीत. ते हिशेबनीस होते, कंत्राटदार होते, वर्तमानपत्रांचे मालक होते. त्यांची विमान कंपनी होती, बेकऱ्या होत्या, शेती होती, पुस्तकांची दुकाने होती, फुटबॉलचा संघ होता. ज्या लष्करशहांनी अखेर त्यांना कोंडले, त्यांच्याशी त्यांची वर्षानुवर्षांची ऊठबस होती. लष्कर सत्तेवर होते म्हणूनच हा माणूस एवढा गब्बर झाला, असे त्यांचे टीकाकार म्हणत, आणि त्यात बरेच तथ्य होते. मग लोकशाही दिन नेमका याच माणसाच्या नावाने का? या पुस्तकाचा सगळा खटाटोप या एका प्रश्नापायी आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. सरकारच्या मर्जीवर उभी राहिलेली संपत्ती सरकारपुढे सहसा मान वर करत नाही. अबिओलांच्या पहिल्या पंचावन्न वर्षांत याचे दाखले पानोपानी सापडतात. शेवटच्या पाच वर्षांत मात्र त्यांनी जे केले, ते त्यांच्याच आधीच्या हिशेबात बसत नाही. लोकांनी दिलेला कौल हा परत करता येणारा माल नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना कळली, उशिरा कळली, आणि कळल्यावर त्यांनी ती सोडली नाही.

मराठी वाचकाचा नायजेरियाशी संबंध येतो तो बहुधा व्यापारातून. पुण्याच्या बजाज कंपनीची ‘बॉक्सर’ मोटारसायकल तिथल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे प्रवासी वाहत आली आहे. नायजेरियाचे खनिज तेल भारतातल्या शुद्धीकरण कारखान्यांत येत राहिले आहे. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, तेव्हा तिथल्या शाळांत शिकवायला भारतातून बरेच शिक्षक गेले. पण त्या देशाच्या राजकारणाबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. उत्तरेत हौसा-फुलानी, नैर्ऋत्येला योरुबा आणि आग्नेयेला इग्बो हे तीन मोठे समाज, आणि त्यांच्याखेरीज दोनशेहून अधिक लहानमोठे. उत्तर बहुतांशी मुस्लिम, आग्नेय बहुतांशी ख्रिस्ती, आणि योरुबा समाजात दोन्ही धर्म एकाच घरात नांदताना दिसतात. १९६६ च्या जानेवारीत पहिले लष्करी बंड झाले. १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचे यादवी युद्ध झाले. लष्कर १९७९ पर्यंत सत्तेवर राहिले, चार वर्षे मुलकी राजवट आली, आणि १९८३ च्या शेवटच्या दिवशी लष्कर पुन्हा परतले. अबिओला निवडणुकीला उभे राहिले तेव्हा स्वातंत्र्याला तेहेतीस वर्षे होत आली होती आणि त्यांतली सुमारे तेवीस वर्षे लष्कराची होती. तेलाचा पैसा १९७० नंतर धोधो वाहू लागला आणि तो सगळा सरकारी तिजोरीतून वाहत होता. ज्याला श्रीमंत व्हायचे त्याला त्या तिजोरीच्या आसपास असणे आवश्यक होते.

अबिओलांचा जन्म २४ ऑगस्ट १९३७ चा, ओगुन नदीकाठच्या अबेओकुटा गावातला. ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाने वसलेले हे योरुबांचे गाव. नोबेल पारितोषिक मिळवणारे वोले शोयिंका, गायक फेला कुटी आणि दोनदा देशाचे प्रमुख झालेले ओलुसेगुन ओबासांजो ही सगळी याच गावची माणसे. अबिओला हे वडिलांचे तेविसावे मूल. आधीची बावीस जगली नव्हती. म्हणून आईबापांनी या मुलाचे नाव ठेवले काशिमावो, म्हणजे ‘बघू या, राहतो का’. आपल्याकडे मुले जगत नसली की पुढच्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवत. त्यामागचे भय तेच. मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर मगच आईबापांना त्याच्या जगण्याची खात्री वाटली, असे सांगतात.

वडील कोकोच्या बियांचा व्यापार करत. १९४६ च्या सुमारास त्यांचा माल एका सरकारी निरीक्षकाने हलक्या प्रतीचा ठरवला आणि जागीच नष्ट करायला लावला. धंदा बसला. नऊ वर्षांचा मोशूद पहाटे रानात जाऊन लाकूडफाटा गोळा करू लागला. मोळी विकायची आणि मग शाळा गाठायची. पंधराव्या वर्षी त्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांचे पथक उभे केले. आधी ते पोटभर जेवणावर वाजवत, मग नाव झाल्यावर रोख सुपारी घेऊ लागले. त्या पैशावर त्याने बाप्टिस्ट बॉइज हायस्कूलचे शिक्षण केले. एका मुसलमान मुलाने ख्रिस्ती मिशनच्या शाळेत शिकावे यात त्या गावात कोणालाही वावगे वाटले नाही. शाळेच्या ‘ट्रम्पेटर’ नावाच्या नियतकालिकाचा तो संपादक होता आणि उपसंपादक होता ओबासांजो. ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येतो.

बँकेत कारकुनी, मग पश्चिम विभागाच्या वित्त महामंडळात हिशेबाचे काम, मग शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडमधले ग्लासगो विद्यापीठ आणि सनदी लेखापालाची पदवी असा त्यांचा रस्ता होता. परत आल्यावर लागोस विद्यापीठाच्या रुग्णालयात आणि नंतर फायझर या औषध कंपनीत त्यांनी हिशेब सांभाळले. इथपर्यंतचे आयुष्य कोणत्याही हुशार, कष्टाळू मध्यमवर्गीय माणसाचे वाटावे असे आहे. पुढचे वळण वेगळे आहे.

आयटीटी या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या नायजेरियातल्या शाखेत ते आले, तेव्हा लष्कराकडे कंपनीची मोठी रक्कम थकली होती. यादवी युद्धाच्या काळात सिग्नल विभागाने साहित्य घेतले होते आणि बिले पडून होती. अबिओलांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या दारात ठाण मांडून ही थकबाकी वसूल केली, आणि त्या भांडणातच त्यांची सिग्नल विभागाच्या मुर्तला मोहम्मद यांच्याशी ओळख झाली, अशी हकीकत सांगितली जाते. १९७५ साली हेच मुर्तला देशाचे प्रमुख झाले. त्यांची हत्या झाल्यावर १९७६ साली ओबासांजो आले. आधीचा ऋणको आणि शाळेतला जोडीदार, दोघेही एकापाठोपाठ एक सत्तेवर. देशभर टेलिफोनचे जाळे उभारण्याची मोठी कंत्राटे याच काळात आयटीटीला मिळाली आणि अबिओला कंपनीचे आफ्रिका व मध्यपूर्वेसाठीचे उपाध्यक्ष झाले.

हे केवळ ओळखीपाळखीचे फळ होते असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. १९७२ आणि पुन्हा १९७७ मध्ये सरकारने वटहुकूम काढून परदेशी कंपन्यांना त्यांच्या भांडवलातला हिस्सा नायजेरियन माणसांना देणे बंधनकारक केले. त्यामुळे प्रत्येक परदेशी कंपनीला एक विश्वासू स्थानिक भागीदार हवा होता: इंग्रजी नीट बोलणारा, ताळेबंद वाचता येणारा, आणि मंत्रालयात फाइल कुठे अडली आहे ते जाणणारा. अशी माणसे थोडी होती. जी होती, ती दहा वर्षांत कोट्यधीश झाली. अबिओला त्यांतले सर्वांत चलाख. त्यांनी स्वतःची रेडिओ कम्युनिकेशन्स ही कंपनी काढली, आणि कंत्राटाचा पैसा कंत्राटाबाहेरच्या धंद्यांत वळवायला सुरुवात केली.

टेलिफोन मात्र नीट वाजत नव्हते. कोट्यवधींचा खर्च होऊनही लागोसमध्ये फोन लागणे ही नशिबाची गोष्ट होती. फेला कुटीने आयटीटीच्या आद्याक्षरांचा अर्थ ‘इंटरनॅशनल थीफ थीफ’ असा लावणारे गाणे केले आणि त्यात आपल्याच गावच्या अबिओला आणि ओबासांजो या दोघांना नावानिशी झोडपले. ते गाणे रस्तोरस्ती वाजले. अबिओलांचे चरित्र लिहिताना या गाण्याला बगल देणारे लेखक आहेत. मला ते योग्य वाटत नाही. ज्या सामान्य माणसाने १९९३ मध्ये अबिओलांना मत दिले, त्यानेच हे गाणेही ऐकलेले होते.

१९८० मध्ये ‘नॅशनल कॉन्कॉर्ड’ हे वर्तमानपत्र निघाले. चांगला पगार, नवी यंत्रे आणि तरुण संपादक यांच्या जोरावर ते थोड्याच वर्षांत देशातल्या आघाडीच्या पत्रांत गेले. योरुबा, हौसा आणि इग्बो भाषांतूनही पत्रे काढण्याचा घाट अबिओलांनी घातला. पण सुरुवातीला हे पत्र सत्ताधारी नॅशनल पार्टीची तळी उचलत होते आणि योरुबांचे सर्वमान्य नेते ओबाफेमी अवोलोवो यांच्यावर तुटून पडत होते. खुद्द योरुबा प्रदेशात यामुळे अबिओलांबद्दल जी अढी बसली ती बरीच वर्षे टिकली. पक्षाने मात्र त्यांच्या पदरात काही टाकले नाही. १९८३ साठी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी आपल्याला मिळावी अशी त्यांची इच्छा होती. उत्तरेच्या पुढाऱ्यांनी दाद दिली नाही. १९८२ मध्ये ते पक्षातून बाहेर पडले. पैसा घेणारे सगळेच बदल्यात काही देतात असे नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

यानंतरची दहा वर्षे ते उघड राजकारणापासून दूर राहिले आणि दानधर्माकडे वळले. शाळांना इमारती, खेड्यांना पाणी, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, मशिदींना आणि तितक्याच सढळ हाताने चर्चनाही देणग्या. खेळाडूंवर तर त्यांचा जीवच होता. अबेओकुटाचा ‘अबिओला बेब्ज’ हा फुटबॉल संघ त्यांचाच. १९८८ मध्ये ओयोच्या राजाने त्यांना ‘आरे ओना काकानफो’ म्हणजे योरुबांचा सरसेनापती ही परंपरेची पदवी दिली. गुलामगिरी आणि वसाहतवाद यांची भरपाई युरोप-अमेरिकेने आफ्रिकेला द्यावी, ही मागणी घेऊन ते जगभर फिरले; आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९९२ मध्ये यासाठी नेमलेल्या मान्यवरांच्या गटात ते होते. या सगळ्यात हिशेब नव्हता असे कोण म्हणेल? पण निव्वळ हिशेब होता असे मानले, तर त्यांच्याकडून एक पैही न घेतलेल्या लाखो लोकांनी त्यांना का मानले, याचा उलगडा होत नाही. उपाशीपोटी मोळ्या विकलेला मुलगा आपली गरिबी विसरलेला नाही, अशी लोकांची खात्री होती. ते अडखळत बोलत, पण बोलण्यात योरुबा म्हणींची लयलूट असे, आणि सभेत माणसे पोट धरून हसत.

१९८५ मध्ये जनरल इब्राहिम बाबांगिडा सत्तेवर आले. अबिओलांचे ते जवळचे मित्र. मुलकी राजवट आणण्याचे वचन बाबांगिडांनी दिले आणि ती सतत पुढे ढकलली. १९८९ मध्ये त्यांनी सगळे राजकीय गट मोडीत काढून स्वतःच दोन पक्ष जन्माला घातले: थोडा डावा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि थोडा उजवा नॅशनल रिपब्लिकन कन्व्हेन्शन. १९९२ मध्ये उमेदवार निवडण्याची प्रक्रिया झाली, ती रद्द झाली, आणि जुन्या इच्छुकांना बंदी घातली गेली. मैदान मोकळे झाले. मार्च १९९३ मध्ये जोस शहरात झालेल्या अधिवेशनात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी अबिओलांनी मिळवली. मित्राचा आशीर्वाद असल्याशिवाय त्यांनी हे पाऊल टाकले नसते, असे त्यांचे निकटवर्ती सांगत आले आहेत.

समोर होते कानोचे उद्योजक बशीर तोफा. म्हणजे दोन्ही पक्षांचे उमेदवार मुसलमान आणि दोघेही धनिक. अबिओलांनी उपाध्यक्षपदासाठी बाबागाना किंगिबे या उत्तरेतल्या मुसलमानालाच सोबत घेतले, तेव्हा ख्रिस्ती मतदार फिरतील असे भाकीत झाले. ते खोटे ठरले. ‘होप ९३’ या घोषणेखाली आणि गरिबीला निरोप देण्याच्या भाषेत झालेल्या प्रचाराने धर्म आणि जमात यांच्या भिंती निदान त्या एका शनिवारपुरत्या खाली आणल्या. १२ जून १९९३ चे मतदान शांततेत झाले. मते त्या त्या केंद्रावरच, जमलेल्या लोकांसमोर मोजली गेली. ही बारीकशी व्यवस्था फार महत्त्वाची ठरली, कारण त्यामुळे निकाल सरकारच्या तोंडून येण्याआधीच लोकांच्या वहीत उतरला. अबिओलांना सुमारे ८३ लाख मते, तोफांना सुमारे ५९ लाख. तीसपैकी एकोणीस राज्ये अबिओलांकडे. त्यांत तोफांचे स्वतःचे कानोही होते. नायजेरियात इतकी सर्वदूर पसरलेली मते त्याआधी कोणालाच मिळाली नव्हती.

मतदानाच्या दोन दिवस आधी, रात्री, अबुजाच्या एका न्यायालयाने निवडणुकीला मनाई केली होती. ती मागणारी संघटना आर्थर नझेरिबे या आणखी एका धनाढ्य राजकारण्याची. निवडणूक आयोगाने मनाई बाजूला ठेवून मतदान घेतले. मग दुसरा आदेश आला आणि निकालाची घोषणा अर्ध्यावर थांबली. २३ जूनला पत्रकारांच्या हाती एक टंकलिखित निवेदन पडले. त्यावर शासकीय मुद्रा नव्हती, कोणाची सहीही नव्हती. त्या साध्या कागदाने एक कोटी चाळीस लाखांहून अधिक लोकांची मते रद्द केली. तीन दिवसांनी बाबांगिडांनी भाषणात कारणे सांगितली. त्यांतले एक असे की, दोन्ही उमेदवारांचे आर्थिक हितसंबंध सरकारशी गुंतलेले आहेत. कंत्राटे वाटणाऱ्यांनीच कंत्राटदाराला अपात्र ठरवण्यासाठी कंत्राटांकडे बोट दाखवले.

इथे एका जुन्या प्रसंगाकडे वळले पाहिजे. या पुस्तकातला तो मला सर्वांत बोलका वाटतो. एप्रिल १९९२ मध्ये अबिओलांच्याच मालकीच्या ‘आफ्रिकन कॉन्कॉर्ड’ या साप्ताहिकाने बाबांगिडांच्या आर्थिक कारभारावर कडक लेख छापला. सरकारने कॉन्कॉर्ड समूहाला टाळे ठोकले. शेकडो लोकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. अबिओलांनी संपादक बायो ओनानुगा यांना सरकारची माफी मागायला सांगितले. ओनानुगांनी राजीनामा दिला, सहकारी त्यांच्यामागे गेले, मालकाने स्वतः दिलगिरी व्यक्त केली आणि टाळे निघाले. मालकाच्या नजरेतून हा शहाणपणाचा व्यवहार होता. बाहेर पडलेल्या त्या पत्रकारांनी ‘द न्यूज’ हे साप्ताहिक काढले, आणि वर्षभरानंतर अबिओलांचा कौल पायदळी तुडवला गेला तेव्हा पोलिसांना चुकवत, जागा बदलत, गुपचूप अंक छापत त्यांच्या बाजूने लढले ते हेच लोक. ज्यांना त्यांनी माफी मागायला लावली होती, त्यांनी माफी न मागण्याचा धडा त्यांना घालून दिला, असे मी म्हणेन.

अबिओला काही एका रात्रीत बदलले नाहीत. निकाल रद्द झाल्यावर लागोसचे तरुण रस्त्यावर उतरले आणि मानवी हक्क संघटनांच्या म्हणण्यानुसार शंभराहून अधिक जण गोळीबारात मेले. त्याच उन्हाळ्यात अबिओला लंडन आणि वॉशिंग्टनला जाऊन परदेशी सरकारांची दारे ठोठावत होते. ऑगस्टमध्ये बाबांगिडा पायउतार झाले आणि अर्नेस्ट शोनेकान या दुसऱ्या एका उद्योजकाच्या हाती हंगामी सरकार सोपवून गेले. नोव्हेंबरमध्ये जनरल सानी अबाचांनी तेही उलथवले. अबाचा आपल्याला गादीवर बसवतील अशी आशा अबिओलांना होती. त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी लढलेले किंगिबे अबाचांचे परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा ही आशा किती भाबडी होती ते स्पष्ट झाले. लष्कराशी पंचवीस वर्षे व्यवहार केलेल्या माणसाला लष्कर शेवटी कोणाशी व्यवहार करते हे उमगायला एवढा वेळ लागला.

११ जून १९९४ रोजी लागोस बेटावरच्या एपेटेडो भागात, जमलेल्या गर्दीपुढे, अबिओलांनी स्वतःला देशाचे निर्वाचित राष्ट्राध्यक्ष घोषित केले. काही दिवसांत त्यांना अटक झाली, आरोप देशद्रोहाचा. तेल कामगारांच्या संघटनांनी त्यांच्यासाठी संप पुकारला आणि तो जवळजवळ नऊ आठवडे चालला. शांततेला बाधा येईल असे काही करणार नाही अशा अटींवर न्यायालयाने त्यांना जामीन देऊ केला. अट मान्य करणे म्हणजे दावा सोडणे, असे म्हणून त्यांनी जामीन नाकारला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सौदा फेटाळला होता.

त्याची किंमत फार मोठी होती. बँकांची आणि कंपन्यांची दारे बंद झाली, एकेक धंदा कोसळला, वर्तमानपत्रे बंदीत गेली. पत्नी कुदिरात यांनी बाहेर आंदोलन चालू ठेवले. संपकऱ्यांना पैसा पुरवला, परदेशी वकिलातींचे उंबरठे झिजवले. ४ जून १९९६ रोजी लागोसमध्ये भररस्त्यात त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला आणि त्या मारल्या गेल्या. आत अबिओला जवळपास एकांतवासात होते. अबाचा ८ जून १९९८ रोजी अचानक वारले आणि काही आठवड्यांनी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान अबिओलांना भेटायला गेले. समोरचा माणूस कोण हे अबिओलांना ओळखता आले नाही. पदावर बुट्रोस घाली नावाचे इजिप्तचे गृहस्थ आहेत अशी त्यांची समजूत होती. त्यांचे काय झाले, असे त्यांनी विचारले. अन्नान त्या पदावर येऊन दीड वर्ष झाले होते. जगभर विमानाने हिंडणाऱ्या, पाच-सहा वर्तमानपत्रे चालवणाऱ्या माणसाला बाहेरची एवढी मोठी बातमीही कळू दिलेली नव्हती. अबिओलांचा एकांत केवढा होता हे या एका प्रश्नातून जितके समजते तितके कोणत्याही वर्णनातून समजत नाही.

७ जुलै १९९८ रोजी, सुटका आज-उद्यावर आलेली असताना, अमेरिकेच्या शिष्टमंडळाशी बोलता बोलता त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि काही वेळात त्यांचे निधन झाले. परदेशी तज्ज्ञांच्या उपस्थितीत झालेल्या शवविच्छेदनात हृदयविकाराचे नैसर्गिक मरण असा निष्कर्ष निघाला. त्या बैठकीत प्यायलेल्या चहाची शंका मात्र नायजेरियातल्या अनेकांच्या मनातून आजही गेलेली नाही.

पुढच्या वर्षी मुलकी राजवट आली आणि राष्ट्राध्यक्ष झाले ‘ट्रम्पेटर’चे उपसंपादक ओबासांजो. आपल्या आठ वर्षांत त्यांनी वर्गमित्राला राष्ट्रीय सन्मान दिला नाही. लोकशाही दिन ठरवला तो २९ मे, म्हणजे स्वतःच्या शपथविधीचा दिवस. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुहम्मदु बुहारी या माजी लष्करशहाने तो दिवस १२ जूनवर आणला आणि अबिओलांना देशाचा सर्वोच्च किताब मरणोत्तर दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाबांगिडांचे आत्मचरित्र आले आणि निवडणूक अबिओलांनीच जिंकली होती हे त्यांनी बत्तीस वर्षांनी लेखी मान्य केले. २०२३ पासून राष्ट्राध्यक्ष असलेले बोला टिनुबू हे १९९३ च्या त्या लढ्यात परदेशी आसरा घ्यावा लागलेल्यांपैकी एक आहेत.

पश्चिम आफ्रिकेत उद्योजकाने राजकारणात येणे ही आता नवलाई राहिलेली नाही. शेजारच्या बेनिनमध्ये कापसाच्या धंद्यातून वर आलेले पात्रिस तालों २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत २०१९ च्या संसदीय निवडणुकीत विरोधी पक्षांना उभेच राहता आले नाही. गाम्बियात जमीन-जुमल्याचे व्यवसायी आदामा बॅरो यांनी २०१६ मध्ये बावीस वर्षे मुरलेल्या हुकूमशहाला मतपेटीतून हरवले आणि शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारच्या वकिलातीत शपथ घेतली. एकाने सत्ता मिळवून दारे लावून घेतली, दुसऱ्याने लावलेली दारे उघडली. धंद्यात यश मिळवलेला माणूस देश चांगला चालवील किंवा वाईट, असा कोणताही सरसकट नियम यातून हाती लागत नाही. कंपनीत मालकाचा शब्द शेवटचा असतो. देशात तो तसा नसावा यासाठी कायदा, न्यायालये आणि वर्तमानपत्रे किती धडधाकट आहेत, यावर सगळे ठरते.

अबिओला सत्तेवर आले असते तर चांगले राष्ट्राध्यक्ष झाले असते का? मला त्याची खात्री वाटत नाही. ज्या वर्तुळात ते वाढले, त्याच वर्तुळाने त्यांना वेढा घातला असता. पण लोकशाहीत जिंकलेल्या उमेदवाराला सत्ता मिळायला हवी ती तो चांगला आहे म्हणून नव्हे, लोकांनी निवडला म्हणून. अबिओलांच्या पैशाने त्यांना उमेदवारी मिळाली. मते देणाऱ्यांनी त्यांना जे दिले ते त्यांच्याकडे आधी कधीच नव्हते, आणि ते सांभाळण्यासाठी त्यांनी बाकी सगळे जाऊ दिले. माझ्या मते त्यांचे मोठेपण एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: अबेओकुटा ते ग्लासगो, आयटीटी ते कॉन्कॉर्ड, आणि १२ जून ते ७ जुलै. वाचकांना एक विनंती. तिसरा भाग थरारक आहे म्हणून थेट तिथून सुरुवात करू नका. दुसऱ्या भागातली वटहुकुमांची, थकबाकीची आणि कंत्राटांची प्रकरणे कोरडी वाटली तरी आधी वाचा. तो पैसा कुठून आला आणि त्याने कोणाकोणाला बांधून ठेवले हे समजल्याशिवाय, अबिओलांनी नाकारलेल्या त्या एका जामिनाचे मोल कळणार नाही.